मुक्यांकडून आणलेली तुतारी

१९६३ च्या मार्च महिन्यात उरल भागातल्या चेल्याबिन्स्कच्या कारखान्यात १०२० मिलिमीटर व्यासाचा पहिला पाइप तयार झाला. त्यावर कामगारांनी लिहिलं होतं, ‘त्रुबा तिब्ये, आदेनाउअर!’ आदेनाउअर हे तेव्हाचे पश्चिम जर्मनीचे चान्सेलर. आदल्या नोव्हेंबरात नाटोने ठराव करून मोठ्या व्यासाचे पाइप सोव्हिएत संघाला विकायला बंदी घातली होती. रशियाचं तेल मध्य युरोपात नेणाऱ्या वाहिनीचं काम चालू होतं, पाइप जर्मनीतून यायचे होते आणि तेच अडकले. मग चेल्याबिन्स्कने ते घरीच बनवले, आणि बनवणाऱ्यांना कोटी केल्याशिवाय राहवलं नाही. ‘त्रुबा’ म्हणजे पाइप. पण ‘द्येलो त्रुबा’ म्हणजे काम तमाम, खेळ खल्लास. ‘हा घे पाइप, आदेनाउअर’ असंही वाचा, आणि ‘तुझे बारा वाजले, आदेनाउअर’ असंही.

रशियनच्या वर्गात ही गोष्ट ऐकून आम्ही खूप हसलो होतो. खरी गंमत त्या कोटीच्या आत दडलेली आहे, हे मला फार उशिरा कळलं. जर्मनांना चिडवायला कामगारांनी जो शब्द वापरला, तो शब्दच मुळात जर्मनांकडून आलेला.

त्यावर येतोच, पण आधी या शब्दाचा संसार पाहून घेऊ. मॉस्कोत ‘त्रुबा’ म्हणजे पाइप, धुराडं आणि तुतारी, तिन्ही. त्याचं धाकटं रूप ‘त्रुबका’ म्हणजे तंबाखू ओढायचा पाइप आणि टेलिफोनचा रिसीव्हरसुद्धा. रशियन माणसाचं दिवाळं निघालं की तो ‘धुराड्यातून उडून जातो’. ज्याने आयुष्यात सगळं सोसलं, तो ‘आग, पाणी आणि तांब्याच्या तुताऱ्या’ यांतून गेलेला असतो. तांब्याच्या तुताऱ्या म्हणजे कीर्ती, आणि ती परीक्षा सर्वांत शेवटी. (आग-पाण्यातून तरलेली माणसं सत्काराच्या हारांत बुडताना आपणही पाहिली आहेत.)

प्रागमध्ये ‘त्रोउबा’ स्वयंपाकघरात सापडते, कारण तिथे ती भट्टी, ओव्हन. झेक यजमानीण म्हणाली की केक त्रोउबेत आहे, तर रशियन पाहुण्याच्या मनात तो धुराड्यात असणार. शिवाय झेकमध्ये मठ्ठ माणसालाही त्रोउबा म्हणतात. पोलंडमध्ये ती ‘त्रोंबा’ होते आणि थेट हत्तीच्या तोंडाला लागते, कारण सोंडेला पोलिशमध्ये हाच शब्द. वावटळीलाही तिथे ‘हवेची त्रोंबा’ म्हणतात. वाजवायची तुतारी मात्र धाकट्या रूपात, ‘त्रोंपका’. स्लोव्हेनियात तुतारी ‘त्रोबेंता’, आणि वसंतात उगवणाऱ्या एका फिक्या पिवळ्या रानफुलाचं नाव ‘त्रोबेंतित्सा’, तुतारुली म्हणा ना. सर्बियाच्या बेलग्रेडमध्ये आणि क्रोएशियाच्या झाग्रेबमध्ये त्रुबा म्हणजे तुतारी आणि मोटारीचा भोंगा, पण पाण्याच्या पाइपला वेगळाच शब्द. बल्गेरियाच्या सोफियात उलट, पाइपचा नेहमीचा शब्द तोच, फक्त स्वर आपल्या अ-कारासारखा : ‘त्रबा’.

एका शब्दात दोन वस्तू मावल्या की काय होतं, हे महाराष्ट्राला शिकवायला नको. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत एका पक्षाचं चिन्ह होतं ‘तुतारी वाजवणारा माणूस’, आणि मुक्त चिन्हांतल्या ‘ट्रम्पेट’चं मराठी भाषांतरही ‘तुतारी’ असंच छापलं गेलं. चित्रात दिसत होती पिपाणी. साताऱ्यात त्या पक्षाचा उमेदवार ३२,७७१ मतांनी पडला, आणि पिपाणी घेऊन उभ्या असलेल्या अपक्षाला पडली ३७,०६२. ती सगळी मतं चुकून पडली असं कोणी शपथेवर सांगू शकत नाही. पण कोशातल्या एका नोंदीवर खासदारकी लटकू शकते, एवढं तरी तेव्हा पटलं.

या सगळ्या त्रुबा, त्रोंबा, त्रबा ऐकल्या की पहिला विचार येतो तो घराण्याचा. एकाच आजोबाची ही नातवंडं, चेहऱ्यामोहऱ्यावरून दिसतंच आहे. आणि पुरावाही भक्कम वाटतो. ‘हात’ हा शब्द घ्या. रशियन, झेक आणि सर्बियनमध्ये तो ‘रुका’, स्लोव्हेनियनमध्ये ‘रोका’, बल्गेरियनमध्ये ‘रका’, आणि पोलिशमध्ये ‘रेंका’. जिथे हाताला उ-कार तिथे तुतारीलाही उ-कार (झेकमध्ये तो जरा लांबलेला), जिथे ओ तिथे ओ, जिथे अ तिथे अ. पोलिशमध्ये दोन्हीकडे अनुस्वार. मूळ स्लाव्हिक बोलीत, म्हणजे या सगळ्या भाषांच्या आजीत, इथे एक नाकातला स्वर होता. नवव्या शतकातल्या मिशनऱ्यांच्या जुन्या चर्च-स्लाव्हॉनिक भाषेत त्याच्यासाठी स्वतंत्र अक्षरच होतं. बाकीच्यांनी तो अनुस्वार गाळला, पोलिशने टिकवला. मराठी वाचकाला यात अवघड काहीच नाही, आपणही छापील अनुस्वार गिळूनच बोलतो.

पण ‘हात’ खरोखर घरचा आहे आणि तुतारी बाहेरून आणलेली. व्युत्पत्तिकार या शब्दाचा माग जुन्या जर्मनमधल्या ‘त्रुंबा’पर्यंत, किंवा त्याच्याच लॅटिन भावंडापर्यंत नेतात. इटालियनमध्ये आजही तुतारी ‘त्रोंबा’च आहे, आणि वावटळ ‘हवेची त्रोंबा’. फक्त हा शब्द इतक्या लवकर आला की नाकातला स्वर मोडायच्या आधीच तो घरात पोचला होता. मग घरच्या शब्दांचं जे झालं तेच त्याचं झालं. दत्तक मुलाचे दात पडावेत तसे याचेही दुधाचे दात वेळेवर पडले, आणि हजार वर्षांनी तो औरस की दत्तक हे शेजाऱ्यांना सांगता येईना.

आता यातली खोच अशी, की स्लाव्ह लोक जर्मन माणसाला म्हणतात ‘न्येमेत्स’, ‘न्येमियेत्स’, ‘न्येमाच’. ‘न्येम’ म्हणजे मुका. आपली भाषा ज्याला येत नाही तो मुका, असा रोखठोक हिशेब. स्वतःच्या नावात मात्र बहुतेक अभ्यासकांना ‘स्लोवो’ दिसतो, म्हणजे शब्द. आम्ही शब्दवाले, ते मुके. आणि त्या मुक्यांकडून काय काय घेतलं? तुतारी घेतली. पावाचा ‘ख्लेब’ घेतला, जो सर्बियापासून रशियापर्यंत चालतो. राजासाठी शब्द घेतला तोही एका फ्रँक सम्राटाच्या नावावरून : इ.स. ८१४ मध्ये वारलेल्या कार्ल, म्हणजे शार्लमेनच्या नावाचे ‘करोल’, ‘क्रुल’, ‘क्राल’ झाले. भाकरी, राजा आणि रणवाद्य, इतकं सामान ‘मुक्यां’च्या घरून आणून झाल्यावर ‘आमचा समान वारसा’ म्हणून कोणाला दाखवायचं?

पाव आणि बटाटा हे शब्द मराठीत आहेत, कोकणीत आहेत, गुजरातीतही आहेत. त्यावरून सिद्ध काय होतं? पोर्तुगीजांची गलबतं कुठे कुठे लागली, एवढंच.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. भाषेतलं साम्य हा इतिहासाचा दुवा आहे, मालकीचा दाखला नाही. भाऊबंद म्हटलं की आपल्याकडे आधी सातबारा आठवतो, आणि भाऊबंदकी या शब्दाला मराठीत प्रेमळ अर्थ अजिबात नाही. स्लाव्हिक जगात गेली पावणेदोनशे वर्षं हेच चाललं आहे. कोणीतरी समान शब्दांची यादी काढतो, डोळ्यांत पाणी आणून ‘आपण एकच’ म्हणतो, आणि मागच्या दाराने तलाठी येतो.

सुरुवात निरागस होती. १८४८ च्या जूनमध्ये प्रागला स्लाव्ह काँग्रेस भरली, अध्यक्ष इतिहासकार पालात्स्की. ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग साम्राज्यातल्या लहान लहान समाजांना एकमेकांचा आधार हवा होता, आणि त्यात गैर काही नव्हतं. शहरात उठाव झाला, तोफा चालल्या आणि परिषद गुंडाळली गेली. पण ज्यांना आधार नको होता, ताबा हवा होता, त्यांचं काम वेगळ्या पद्धतीने चाललं. १८६३ मध्ये रशियाचे गृहमंत्री वालुयेव यांनी काढलेल्या परिपत्रकात युक्रेनियनबद्दल, म्हणजे त्यांच्या शब्दांत ‘लघुरशियन’बद्दल, असं वाक्य आहे की अशी कोणतीही वेगळी भाषा नव्हती, नाही आणि असू शकत नाही. मला या वाक्याच्या रचनेचं नेहमी आश्चर्य वाटतं. जी भाषा नाहीच, तिच्यातली शाळेची आणि धर्माची पुस्तकं थांबवायला परिपत्रक कशाला लागतं? १८७६ मध्ये झार अलेक्झांडर दुसरा याने पुढचं पाऊल टाकलं. युक्रेनियन पुस्तकं छापणं, बाहेरून आणणं, नाटकं करणं, इतकंच काय स्वरलिपीखाली गाण्याचे शब्द छापणंसुद्धा बंद. या हुकुमावर सही झाली बाड एम्स या गावी. गाव जर्मनीतलं. झार तिथे पाण्याच्या उपचाराला गेला होता.

१२ जुलै २०२१ रोजी पुतीन यांच्या नावाने रशियन आणि युक्रेनियन यांच्या ‘ऐतिहासिक ऐक्या’वर एक लांबलचक लेख आला. त्यातही भाषेचं नातं होतं, बोलीभेद होते, एकच लोक असल्याचं आश्वासन होतं. ‘नळी फुंकिली सोनारें, इकडून तिकडे गेले वारें’ म्हणून आपण तो सोडून दिला असता. सात महिन्यांनी, २४ फेब्रुवारी २०२२ ला, त्या नळीतून काय बाहेर पडलं ते जगाने पाहिलं. मी असं म्हणत नाही की युद्ध भाषाशास्त्रामुळे झालं. युद्धं भाषाशास्त्रामुळे होत नाहीत. पण ‘तुमची भाषा म्हणजे आमचीच बोली’ हे वाक्य जिथे सरकारी तोंडातून येतं, तिथे सीमेवरच्या गावांनी सावध व्हावं, इतपत इतिहास आपल्या हाताशी आहे.

उलट्या बाजूचा मूर्खपणाही तितकाच जुना. नातं नाकारायचं म्हणून शब्दच उपटून टाकायचे. युगोस्लाव्हिया फुटल्यावर क्रोएशियात शुद्धीकरणाची लाट आली. हेलिकॉप्टरसाठी ‘झ्राकोम्लात’, म्हणजे हवा बडवणारा, असा शब्द पुढे आला आणि लोकांनी त्याचे विनोद केले. आज तिथे हेलिकॉप्टरच उडतं. पावाला क्रोएशियन ‘क्रुह’ म्हणालात की सर्बियन ‘ख्लेब’, यावरून तुम्ही कुठले ते दुकानदाराला कळतं, आणि नव्वदच्या दशकात ते कळणं सुखाचं नव्हतं. त्रुबा मात्र दोन्हीकडे त्रुबाच राहिली, बहुधा ती कोणाच्या लक्षात आली नाही म्हणून. बल्गेरियाने २०२० च्या नोव्हेंबरात उत्तर मॅसिडोनियाची युरोपीय संघाशी होणारी बोलणी अडवली, त्यात एक आक्षेप असा होता की मॅसिडोनियन नावाची स्वतंत्र भाषा मानता येणार नाही. म्हणजे एका देशाच्या भवितव्याला भाषेच्या नावाची अट.

२०१७ च्या मार्चमध्ये सारायेव्होत एक जाहीरनामा निघाला. सर्बिया, क्रोएशिया, बॉस्निया आणि माँटेनेग्रोतल्या भाषातज्ज्ञांनी आणि लेखकांनी म्हटलं की आमची भाषा एक आहे, तिची प्रमाण रूपं अनेक आहेत, आणि प्रत्येकाने तिला हवं ते नाव द्यावं. दोन्ही बाजूंचे देशभक्त एकदमच चिडले, यावरूनच मला तो बराचसा बरोबर वाटतो. त्यात नातं कबूल आहे आणि घर वेगळं ठेवायचा हक्कही कबूल आहे.

हे लिहिताना स्वतःच्या अंगणात न पाहणं अप्रामाणिकपणाचं होईल. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जनमत कौल झाला : महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं. ‘कोकणी ही मराठीची बोली’ हा विलीनीकरणवाद्यांचा मोठा आधार होता, आणि आपल्याकडचे विद्वान शब्दांच्या याद्या घेऊन तयारच होते. त्यांची बाजू सगळी पोकळ नव्हती. गोव्यातल्या कितीतरी घरांत बोलणं कोकणीत आणि भजन, कीर्तन, वाचन, पत्र मराठीत होतं, आजही आहे. तरीही १,७२,१९१ मतं वेगळं राहण्याला पडली आणि १,३८,१७० विलीनीकरणाला. योगायोग असा की दोनच महिन्यांनी, १७ मार्च १९६७ ला, झाग्रेबमध्ये क्रोएशियन भाषेच्या नावाबद्दलचा जाहीरनामा प्रसिद्ध झाला, आणि त्याचाही मुद्दा हाच होता : आम्ही कुणाची पोटभाषा नाही. पुढे साहित्य अकादमीने १९७५ मध्ये कोकणीला स्वतंत्र भाषा मानलं, १९९२ मध्ये ती आठव्या अनुसूचीत गेली. त्याने मराठीचं नुकसान काय झालं, हे मला अजून कोणी नीट सांगितलेलं नाही. आपला मोठेपणा एवढाच की कौल हरल्यावर आपण घरी आलो. मोठ्या भावाच्या भूमिकेत आपण होतो, एवढं मात्र विसरू नये.

पुन्हा पाइपकडे. आदेनाउअरचे बारा वाजवणाऱ्या सोव्हिएत संघाने १ फेब्रुवारी १९७० ला एसेन शहरात पश्चिम जर्मनीशी करार केला : तुम्ही मोठे पाइप द्या, आम्ही गॅस देतो. पाइप मानेसमान कंपनीचे, पैसा जर्मन बँकांचा, आणि १९७३ पासून गॅस जर्मनीत. शब्द एकदा मुक्यांकडून आणला होता, हजार वर्षांनी वस्तूही त्यांच्याकडूनच आणली. ज्या तेलवाहिनीसाठी चेल्याबिन्स्कमध्ये ती कोटी झाली, तिचं नाव ‘द्रुझबा’, मैत्री. झेक आणि बल्गेरियन माणसालाही हा शब्द फोड न करता कळतो. पोलंडला मात्र तो भाषांतर करून घ्यावा लागला, कारण मैत्रीला पोलिशमध्ये ‘प्शियाझ्न’ म्हणतात. वाहिनीच्या दुसऱ्या टोकाला बिगर-स्लाव्ह पूर्व जर्मनी आणि हंगेरी होते, तेलाने त्यांची व्युत्पत्ती विचारली नाही.

आणि नळ बंद झाला तेव्हाही ती विचारली गेली नाही. जानेवारी २००९ मध्ये रशिया आणि युक्रेन यांच्यात गॅसच्या पैशावरून जुंपली, पुरवठा जवळजवळ दोन आठवडे थांबला आणि सर्वांत जास्त गारठले ते बल्गेरिया आणि स्लोव्हाकिया. दोन्ही स्लाव्ह. बल्गेरियाच्या तर लिपीचंही रशियाशी नातं. एप्रिल २०२२ मध्ये रूबलमध्ये पैसे देत नाहीत म्हणून पोलंड आणि बल्गेरियाचा गॅस तोडला गेला. ‘त्रुबा’ आणि ‘त्रबा’ यांच्यात एका स्वराचा फरक, पण झडपेवर बसलेल्या माणसाला तो ऐकू आला नाही.

कोणी म्हणेल, मग या नात्याला काहीच किंमत नाही का? आहे ना. एक स्लाव्हिक भाषा आली की दुसरी निम्म्या कष्टात येते, हा अनुभव मी घेतला आहे. पण ती किंमत कशी असते ते पाहायचं तर पश्चिम सर्बियातल्या गुचा या खेड्यात जावं. १९६१ पासून तिथे दर वर्षी तुतारीवाल्यांची जत्रा भरते. गावोगावचे ताफे येतात, रात्रभर वाजवतात आणि श्रोते खूश होऊन वादकांच्या कपाळाला नोटा चिकटवतात. हे सर्बियाचं राष्ट्रीय वाद्य म्हणून मिरवतं. त्याची हकिगत अशी की १८३१ मध्ये मिलोश ओब्रेनोविच या सर्बियन राजपुत्राने युरोपीय धाटणीचा लष्करी बँड उभा केला, आणि त्याच्या प्रमुखपदी नेमला योसिफ श्लेझिंगर नावाचा ज्यू संगीतकार. त्याआधी तुर्कांच्या फौजांची वाद्यं या भागाने शतकानुशतकं ऐकली होती. आज दक्षिण सर्बियातले नामांकित तुतारीवाले बहुतांशी रोमा, म्हणजे ज्यांना जिप्सी म्हटलं जायचं ते, आहेत. शब्द जर्मन, बँड ऑस्ट्रियन वळणाचा, कानात तुर्की ठेका, आणि फुंकणारा रोमा.

त्या रोमांतल्या अनेकांच्या घरी अजून रोमानी बोलली जाते, आणि इथे मराठी माणसाने कान टवकारावेत. रोमानीत पाण्याला म्हणतात ‘पानी’, कानाला ‘कान’, नाकाला ‘नाख’, आणि माणसाला ‘मानुश’. हे पावासारखे उसने शब्द नाहीत, हे खरोखर रक्ताचे आहेत. सात, आठ, नऊ हे आकडे मात्र त्यांनी वाटेत ग्रीकांकडून उचलले. म्हणजे गुचातल्या त्या तुतारीवाल्याशी आपलं भाषेचं नातं कित्येक स्लाव्हांपेक्षा जवळचं आहे. २०१६ मध्ये दिल्लीत रोमांची आंतरराष्ट्रीय परिषद झाली, तेव्हा त्यांना ‘भारताची लेकरं’ म्हटलं गेलं. कौतुक ऐकायला बरं वाटलं. पण आपण सर्बियातल्या निश शहराचा सातबारा मागितला नाही, आणि त्या लेकरांना युरोपात घरातून हुसकलं जातं तेव्हा आपण फारसे धावूनही गेलो नाही. नात्याचं इतकं हलकं ओझं दोन्ही बाजूंना झेपतं.

युक्रेनमध्ये ते झेपण्यापलीकडे गेलं. युद्धाच्या पहिल्या आठवड्यांत तिथल्या अनेकांनी सारखाच अनुभव सांगितला : रशियातल्या मावशीला, भावाला, कधी सख्ख्या बापाला फोन करून सांगितलं की आमच्यावर बॉम्ब पडताहेत, आणि पलीकडून उत्तर आलं, छे, असं होऊच शकत नाही, आपण तर एकच. दोघांनाही एकमेकांचा शब्द न् शब्द कळत होता. रशियन माणूस फोन उचलतो तेव्हा तो ‘त्रुबका’ उचलतो. युक्रेनियनमध्येही हा शब्द आहे, पण तिथे रिसीव्हरला घरचा आणखी एक शब्द आहे, ‘स्लुखावका’, ऐकण्यावरून केलेला, आपल्या ‘श्रवणा’च्याच मुळातला. कीवमध्ये आता तो जास्त चालतो. पलीकडची मावशी मात्र अजून विचारते, त्रुबका का उचलत नाहीस.